कलकत्त्याला आम्ही डोंबिवलीकरांनी मागे टाकलं

नोव्हेंबर २०२५ मधे आमच्या घरच्या ग्रुपवर एक यादी फिरत आली, जगातली सगळ्यात मोठी दहा शहरं, संयुक्त राष्ट्रसंघाचा ताजा अहवाल वगैरे. जकार्ता एक नंबर, जवळपास ४ कोटी २० लाख. मग ढाका. टोकियो, जे आम्ही शाळेत असल्यापासून पहिलं पाठ केलेलं, ते तिसरं. दिल्ली चौथी, ३ कोटींच्या आसपास. आणि नवव्या नंबरला कलकत्ता, सव्वादोन कोटी. मुंबई वरून खाली बघितली, खालून वर बघितली, नाहीच.

मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. बाबा ७९ वर्षांचे, कान अर्धे गेलेत पण आकडा मात्र पहिल्या फटक्यात ऐकू येतो. चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "कलकत्ता? अरे कलकत्त्याला आम्ही ९१ सालीच मागे टाकलंय की."

आम्ही म्हणजे कोण, तर ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल.

बाबा डोंबिवलीत शाळेत गणित शिकवायचे आणि शिक्षक म्हणजे जनगणनेचा हक्काचा गडी, त्यामुळे फेब्रुवारी १९९१ मधे आमच्या घरातलं जेवायचं टेबल तीन आठवडे जेवायला मिळालं नाही. ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी होती. शाळा सुटली की बाबा खांद्याला शबनम लावून आयरे रोडच्या बाजूच्या चाळी आणि बिल्डिंगी करत फिरायचे, दारावर आदल्या वर्षी गेरूने लिहिलेले नंबर शोधत, आणि रात्री घरी येऊन ते लांबलचक फॉर्म पसरून बसायचे. मी बारा वर्षांचा, माझं काम पट्टी धरणे आणि बेरीज दोनदा तपासणे. आई वैतागलेली, कारण बाबा प्रत्येक घरी चहा पिऊन यायचे आणि मग रात्री झोप नाही.

शेवटच्या रात्री, २८ तारखेला, ज्यांना घर नाही त्यांची मोजणी असते. बाबा आणि त्यांचे एक सहकारी टॉर्च घेऊन स्टेशनवर गेले. तिथे जिन्याखाली एक माणूस गोणपाट पसरून झोपायच्या तयारीत होता, तो काही केल्या नाव लिहून देईना. म्हणाला, "मास्तर, मी मुंबईचा. दिवसभर मशीद बंदरला हमाली करतो. इथे नुसता झोपतो." बाबा म्हणाले, "झोपतोस तिथलाच तू." आणि लिहिलं.

ही गोष्ट बाबांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. पण त्या एका वाक्यात सगळा घोळ आहे हे मला खूप नंतर कळलं.

आता आकडे बघा. १९८१ च्या जनगणनेत कलकत्ता देशातलं सगळ्यात मोठं शहर होतं, ९१ लाख ९४ हजार, आणि मुंबई ८२ लाख ४३ हजार. म्हणजे नऊ साडेनऊ लाखांचा फरक. १९९१ ला मुंबई झाली १ कोटी २६ लाख आणि कलकत्ता १ कोटी १० लाख. दहा वर्षात मुंबई ४४ लाखांनी वाढली?? गिरणी संप ८२ साली झालेला, लाखो लोकांची पोटं त्याच्यावर, लालबाग परळला चुली विझलेल्या, आणि मुंबई एवढी वाढली?

नाही वाढली. खास मुंबई, म्हणजे महापालिकेची, कुलाबा ते दहिसर मुलुंड, ती ८२ लाखांवरून ९९ लाख २६ हजारांवर गेली. कोटीसुद्धा नाही. नुसती ती धरली असती तर कलकत्ता ९१ लाही अकराएक लाखांनी पुढेच होतं. मग बाकीचे आले कुठून? तर त्या वेळी पहिल्यांदा मुंबईच्या नागरी समूहात, म्हणजे मूळ शहर आणि त्याला लागून वाढलेली गावं मिळून जनगणना जे एक शहर धरते त्यात, आजूबाजूची गावं धरली. ठाणे ८ लाख, उल्हासनगर पावणेचार, नवी मुंबई तीन, मीरा भाईंदर पावणेदोन, आणि सगळ्यात मोठा वाटा कल्याण महापालिकेचा, ज्यात तेव्हा डोंबिवली होती, १० लाख १४ हजार. सगळे मिळून सव्वीस सत्तावीस लाख.

त्यातले काहीशे बाबांच्या शबनममधून गेलेले. म्हणून 'आम्ही'.

आता कोणी बंगाली माणूस हे वाचत असेल तर म्हणेल बघा, चीटिंग. पण थांबा, चीटिंग दोन्हीकडून आहे. कलकत्त्याच्या त्या ९१ लाखांत नुसतं कलकत्ता नव्हतंच, हावडा आणि हुगळीच्या दोन्ही काठांवरची डझनावारी गावं होती. नुसती महापालिका धरली तर ८१ ला कलकत्ता ३३ लाखांचं, आणि बृहन्मुंबई ८२ लाखांची. मुळात महापालिकेला महापालिका लावून बघितली तर मुंबई १९६१ लाच पुढे होती, साडेएक्केचाळीस लाख विरुद्ध सव्वाएकोणतीस. आणि तेही का, तर १९५० आणि ५७ अशी दोनदा हद्द वाढवून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, दहिसर आत घेतलं होतं म्हणून. म्हणजे पुढे कोण गेलं आणि कधी गेलं याला ५७, ६१, ९१ अशी तीन चार उत्तरं आहेत आणि सगळी खरी आहेत.

व्हीटीसमोर महापालिकेची जी जुनी इमारत आहे, १८९३ सालची, तिच्या कपाळावर पंख असलेली एक बाई उभी आहे, बघितली असेल तुम्ही, नसेल तर पुढच्या वेळी सबवेतून बाहेर आल्यावर मान वर करा. ती बाई म्हणजे 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर. कलकत्ता राजधानी, व्हाइसरॉय तिकडे, सगळा मानपान तिकडे, आणि मुंबईचे लोक इकडे दगडात पहिला नंबर कोरून बसले. १८९१ ला मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती आणि कलकत्त्याची उपनगरं बाजूला ठेवली तर मुंबई खरंच पुढे होती. उपनगरं धरली की मागे. तेव्हापासूनच हे चालू आहे!

आणि ती बाई वर चढून जेमतेम तीन वर्षं झाली तोवर सप्टेंबर १८९६ मधे मांडवीला प्लेग निघाला. लोकं बोटी भरभरून कोकणात पळाली, आमचे पणजोबा त्यातलेच असं घरात सांगतात. १९०१ च्या मोजणीत मुंबई ७ लाख ७६ हजार. वाढायची सोडून घटली. पहिल्या नंबरचं शहर.

बरं, कलकत्ता मागे का पडलं याची आपल्याकडे एकच टपरीछाप थिअरी असते, कम्युनिस्ट आले आणि संप करून करून वाट लावली. ते असेल थोडं, पण घसरण त्याच्या खूप आधीची. १९११ ला राजधानी दिल्लीला न्यायची घोषणा झाली. १९४७ ला फाळणी, म्हणजे तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठावर आणि तागाची शेतं पूर्व पाकिस्तानात, मधे सीमा. नदी गाळाने भरत चाललेली, मोठ्या बोटी आत येईनात, त्यासाठी फरक्का धरण बांधून पाणी सोडायला १९७५ उजाडलं. आणि पन्नाशीच्या दशकात केंद्राने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर सारखं करून टाकलं, म्हणजे कारखाना खाणीशेजारी काढा नाहीतर मुंबईला काढा, पोलाद त्याच भावात. मग कोण कशाला बंगालमधे काढेल. आपण ठाणे बेलापूर पट्ट्यात जे कारखाने बघत मोठे झालो त्याच्यामागे तेही एक कारण आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं एवढंच.

म्हणजे मोठं शहर एका रात्रीत मागे पडत नाही, त्याच्या पाठीमागचा मुलूख तुटतो आधी. शहर बिचारं त्यानंतरही पन्नास वर्षं एक नंबरवरच असतं, कारण माणसं काही लगेच उठून जात नाहीत.

काही देशांत हा प्रश्नच येत नाही. फ्रान्समधे पॅरिसला कोण मागे टाकणार? मार्क जेफरसन नावाच्या भूगोलवाल्याने १९३९ साली यावर एक निबंध लिहिलेला, की पुष्कळ देशांत एकच शहर दुसऱ्या नंबरच्या शहराच्या दुपटीहून मोठं असतं आणि एकदा का ते तसं झालं की सगळी हुशार आणि उद्योगी माणसं तिकडेच ओढली जातात, मग ते आणखी मोठं. भारतात तसं कधी झालंच नाही. इंग्रजांनी तीन बंदरांवर तीन इलाखे उभे केले, प्रत्येकाची रेल्वे वेगळी, प्रत्येकाचा मुलूख वेगळा, वर राजधानी चौथीकडेच नेली. त्यामुळे आपल्याकडे पहिला नंबर हा संगीतखुर्चीसारखा. कलकत्ता उठलं, मुंबई बसली. मुंबई बसली किती वेळ, तर तीन जनगणना. १९९१, २००१, २०११. बास.

कारण मग दिल्ली.

२०११ ला कागदावर मुंबई १ कोटी ८४ लाख आणि दिल्ली १ कोटी ६३ लाख. आपण खूश. पण आपल्यात ठाणे कल्याण नवी मुंबई धरलेले आणि दिल्लीत गुरगाव नाही, नोएडा नाही, गाझियाबाद फरीदाबाद नाही, कारण ती पडली हरयाणात आणि यूपीत, आणि जनगणनेत शहराचा समूह राज्याची हद्द ओलांडत नाही. मेट्रो ओलांडते, जनगणना नाही. आता गाझियाबाद साधारण साडेतेवीस लाख, फरीदाबाद चौदा, गुरगाव नऊ, नोएडा साडेसहा. करा बेरीज. बाबांनी बोटांवर केली, दोन कोटी सोळा. चेहरा पडला. संयुक्त राष्ट्रवाले राज्याची हद्द बिद्द मानत नाहीत, त्यांच्या २०१८ च्या अहवालात दिल्ली २ कोटी ८५ लाख आणि मुंबई २ कोटी होती. तेव्हाच विषय संपलेला होता, आपणच 'मुंबई देशातलं सगळ्यात मोठं शहर' असं निबंधात लिहीत राहिलो.

दिल्लीला आणखी एक फायदा आहे जो मुंबईला कधीच मिळणार नाही, जमीन. चारी बाजूंनी सपाट. १९४७ ला निर्वासित आले तेव्हा ९ लाखांची दिल्ली पुढच्या मोजणीत साडेसतरा लाखांची झाली, दहा वर्षांत जवळपास दुप्पट, आणि त्यांच्यासाठी वसाहती काढायला जागा होती. मुंबईला चारी बाजूंनी समुद्र नाहीतर खाडी, आपल्याकडे माणूस वाढला की तो एकाच दिशेने सरकतो, रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे, आधी दादर मग अंधेरी मग बोरिवली मग विरार, किंवा कुर्ला ठाणे डोंबिवली बदलापूर. ट्यूबमधून पेस्ट पिळल्यासारखा.

आणि मागची बाजू रिकामी होत जाते, हे कोणी बोलत नाही. २००१ ला मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम सायन, ३३ लाख ३८ हजार होता, २०११ ला ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं कमी. माझी मावशी त्यातली एक, गिरगावातली दहा बाय बाराची खोली, कॉमन गॅलरी, नळाला पहाटे साडेचारला पाणी, ती विकून २००६ ला डोंबिवलीत वन बीएचके घेतला. पहिले सहा महिने ती रडायची, भाजीवाल्याला सांगायची मी गिरगावची. आणि गंमत बघा, कलकत्त्यातही सेम. तिथली महापालिका २००१ ला ४५ लाख ७३ हजार, २०११ ला ४४ लाख ९७ हजार. दोन्ही म्हाताऱ्या शहरांची पोटं आत गेलीयत आणि कडा फुगल्यायत.

मग आता २०२५ मधे कलकत्ता परत पुढे कसं? तिथे काय अचानक गर्दी लोटली नाहीये. संयुक्त राष्ट्रांनी यावेळी मोजायची पद्धत बदलली. देशांनी दिलेल्या हद्दी बाजूला ठेवून सगळ्या जगावर एक एक किलोमीटरची चौकटी टाकली, ज्या चौकोनात दीड हजाराच्या वर माणसं राहतात ते चौकोन एकमेकांना चिकटलेले असतील तर ते एक शहर. टोकियो त्यातच खाली आलं आणि जकार्ता वर गेलं. आता ही चौकटी मनातल्या मनात आपल्याकडे टाकून बघा. मधे नॅशनल पार्कचा एवढा मोठा हिरवा ठिपका, ठाण्याची खाडी, वसईची खाडी, मिठागरं, पारसिकचा डोंगर. आपल्या नकाशाला भोकंच फार. कलकत्त्याच्या आजूबाजूला सगळं सपाट, गावाला गाव चिकटून, रस्त्याच्या कडेला घरं संपतच नाहीत.

बाबांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे खाडीने हरवलं आपल्याला." मी म्हटलं हो, तसंच समजा.

माझी आतेबहीण मेलबर्नला असते, ती ग्रुपवर लगेच आली, म्हणे आमच्याकडे पण हेच झालं! एप्रिल २०२३ मधे तिकडे मोठी बातमी होती, मेलबर्नने सिडनीला मागे टाकलं, शंभर एक वर्षांनी परत. ऑफिसात केक बिक. किती फरकाने, तर साधारण १८ हजार ७०० माणसांनी, जेवढे आमच्या इथे सकाळच्या गर्दीत प्लॅटफॉर्मवर सहज भरतील. आणि ते कसं, तर मेलबर्नच्या पश्चिमेला मेल्टन म्हणून एक गाव आहे, ते वाढत वाढत शहराला टेकलं, आकडेवारीवाल्यांनी ते मेलबर्नमधे धरलं. मी तिला म्हटलं ताई, मेल्टन म्हणजे तुमची डोंबिवली गं. तिने हसायची इमोजी टाकली, पण तिला ते फार पटलं नसावं.

खरीखुरी उलथापालथ झालेली उदाहरणं पण आहेत, रिओला साओ पावलोने मागे टाकलं, मॉन्ट्रियलला टोरांटोने, तिथे कॉफी, कारखाने, भाषेचं राजकारण, बँकांची हेड ऑफिसं असली भरभक्कम कारणं होती. पण तिथेही कोणाला तारीख सांगता येत नाही, एका जनगणनेत हे पुढे, पुढच्यात ते पुढे, मधे कधीतरी झालं.

सगळ्यात जास्त चिडलाय तो माझा मेव्हणा. तो विरारला राहतो. २०११ च्या मुंबई नागरी समूहात आम्ही आहोत, अंबरनाथ बदलापूर आहे, पण वसई विरार नाही! तो वेगळा धरलाय, बारा लाखांचा स्वतंत्र. मेव्हणा पंचवीस वर्षं विरार चर्चगेट करतोय, चौथ्या सीटवर बसून अर्धं आयुष्य गेलं, आणि सरकारी हिशोबात तो मुंबईचा नाही. बदलापूरचा माणूस मुंबईचा. तो म्हणतो मला मोजा, भिवंडीला मोजा, पनवेलला मोजा, मग बघू दिल्ली कशी पुढे जाते. मी म्हटलं बाबा रे मग तिकडून सोनीपत आणि मेरठ येतील.

(पुणेकरांनी २०२१ मधे २३ गावं महापालिकेत घेतली आणि क्षेत्रफळात मुंबईच्या पुढे गेले, तेव्हाचे स्टेटस आठवतायत ना. लोकसंख्येचा विषय काढला की मात्र 'आमच्याकडे क्वालिटी'.)

आता दिल्लीला कोण मागे टाकेल? मुंबई तर नाही, मला नाही वाटत. आपल्याकडे मुलंच कमी होतायत, महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांची सरासरी कधीच दोनच्या खाली गेलीय, आणि बाहेरून येणाऱ्याला घर परवडत नाही. दिल्लीच्या पाठीमागे यूपी बिहार आहेत, सरळ ट्रेन, तीच भाषा, आणि तिकडे अजून तरुण पोरं आहेत. सगळे बेंगळुरूचं नाव घेतात. २००१ ला ५७ लाख, २०११ ला ८५ लाख, वेग दणदणीत. पण पाणी शंभरएक किलोमीटरवरून कावेरीचं आणायचं आणि तेही खालून वर चढवायचं, शहर तीन हजार फुटांवर. तेवढ्यावर दिल्लीच्या दुप्पट वेगाने किती वर्षं पळणार. माझं मत, आपल्या हयातीत नाही. पण १९०१ साली कलकत्त्याच्या कुठल्या बाबूला कोणी सांगितलं असतं की एक दिवस मुंबई नाही, दिल्ली, ती पडकी मुघली दिल्ली, तुमच्या पुढे जाईल, तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

खरा आकडा कळेल तेव्हा कळेल. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ही तारीख आहे, आणि यावेळी कागद नाहीत, मोबाईलवर. स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय. बाबांना हे अजिबात आवडलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दारात गेल्याशिवाय आतमधे किती माणसं आहेत ते कळत नाही, चपला मोजायच्या असतात.

तरी पण परवा जेवताना त्यांनी हिशोब काढलाच. ९१ ला या घरात सहा माणसं लिहिलेली, त्यांच्याच अक्षरात, आजी होती तेव्हा, आत्या होती लग्नाची. आता किती?

मी म्हटलं तुम्ही, मी, ही, आणि पोरगी. चार.

"ती कुठे झोपते?"

पोरगी गेल्या जुलैपासून बेंगळुरूला नोकरीला आहे, कोरमंगलात तिघीजणी मिळून फ्लॅट घेतलाय, दिवाळीला चार दिवस येऊन गेली. तिची खोली आहे इथे, गादी आहे, कपाटाला तिचं कुलूप आहे.

मी काही बोललो नाही. बाबांनी भाताचा घास थांबवून बोटं मोजली आणि म्हणाले, "तीन."